मोटारीची प्रतिकृती आणि हातांची फुरसत



आमची हयात कामगार संघटनेच्या कामात गेली. त्यामुळे आमच्याकडून बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी एखादा विषय आपण अपेक्षिला असेल, तर त्यात आपली चूक नाही. परंतु आज आम्ही बोलणार आहोत ते मोटारींच्या मोठ्या प्रतिकृती जुळवण्याच्या छंदाविषयी. कामगाराच्या प्रश्नापासून आम्ही दूर चाललो आहोत, असे कृपा करून समजू नये. उलट, त्या प्रश्नाच्या अगदी गाभ्याशी या छंदाच्या वाटेने जाता येते, असे आमचे मत आहे. ते आपणांस पटते की नाही, हे शेवटी आपणच ठरवावे.

प्रथम हा छंद म्हणजे काय ते पाहू. मुलांची चावीची मोटार आणि प्रतिकृती यांत एक मूलभूत भेद आहे. खेळण्यातली मोटार मोटारीसारखी दिसली की पुरे. प्रतिकृती मात्र प्रमाणात असावी लागते. मूळ मोटारीचे प्रत्येक माप एकाच आकड्याने भागलेले असले पाहिजे. लांबी एका हिशोबाने आणि उंची दुसऱ्या, असे चालत नाही. चोविसावा हिस्सा हे नेहमीचे प्रमाण. बारावा आणि आठवा ही मोठी प्रमाणे. आपल्या ओळखीची फियाट घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे. पुढे तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. ही मोटार सुमारे ३.९ मीटर लांब. चोविसाव्या हिश्श्याने ती सोळा सेंटिमीटरची होते आणि तळहातावर मावते. आठव्या हिश्श्याने ती जवळजवळ अर्धा मीटर भरते. मग तिला टेबलच लागते.

हे झाले त्रैराशिक. चाळीसगावच्या श्रोत्यांना त्रैराशिक शिकवण्याचे धाडस आम्ही करणार नाही. येथून जवळच्या पाटण गावी भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून, १२०७ साली मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे, आणि त्या ग्रंथांतल्या 'लीलावती'त त्रैराशिकाला मानाचे पान आहे. पण या छंदात एक गंमत अशी की, त्रैराशिक जेथे संपते तेथूनच खरे काम सुरू होते. फियाटचे वजन नऊशे किलोच्या आसपास. आठव्या हिश्श्याची मोटार त्याच धातूंची, तशीच केली, तर तिचे वजन किती? आठवा हिस्सा नव्हे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही आठाने भागली गेली, म्हणजे वजन पाचशेबाराने भागले गेले. उत्तर येते पावणेदोन किलो.

आता पत्रा घ्या. मोटारीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. त्याचा आठवा हिस्सा म्हणजे कागदाची जाडी. तेवढ्या पातळ पत्र्याला आकार द्यायला गेले तर तो हातातच चुरगळतो. मग जाणता कारागीर पत्रा जाड ठेवतो आणि जेथे कड डोळ्यांना दिसते, दाराच्या फटीशी किंवा चाकाच्या कमानीशी, तेथे फक्त आतून कानस मारून कड पातळ करतो. रंगाचेही असेच. रंगाला त्रैराशिक ठाऊक नसते. खऱ्या मोटारीवर जेवढ्या जाडीचा रंग शोभतो, तेवढाच प्रतिकृतीवर चढवला, तर तो आठपट जाड दिसतो. दारांच्या फटी बुजतात, बारीक अक्षरे बुडून जातात. म्हणून हात अगदी हलका ठेवून, एकावर एक पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, पाण्याखाली बारीक पॉलिश पेपर फिरवायचा आणि पुन्हा थर द्यायचा. येथे घाई करणाऱ्याचे काम रंगच उघडे पाडतो.

बाजारात ज्या तयार किट मिळतात त्यांची रीत थोडी निराळी. पॉलिस्टायरीन नावाचे प्लॅस्टिक तापवून, पातळ करून, मोठ्या दाबाने पोलादी साच्यात शिरवतात. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या चटया निघताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना प्लॅस्टिक वितळवून त्याला आकार देण्याचे काम नवे नाही. साचा उघडला की मोटारीचे सुटे भाग प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटीला लटकलेले बाहेर येतात. ते कटरने सोडवायचे, देठाची खूण कानशीने काढायची, फटींत लांबी भरायची आणि पातळ द्रवाने जोडायचे. हा द्रव डिंकासारखा चिकटवत नाही. तो दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकमेकींत मुरून एकजीव होतात. इटलीतल्या तुरीन शहरात १९५२ साली निघालेल्या पोखेर कंपनीने आठव्या हिश्श्याच्या मोटारींच्या किट काढल्या. त्यांतल्या मोठ्या किटमध्ये दोन हजारांहून अधिक भाग असत. दिवसाला एक-दोन तास देणाऱ्याला एक मोटार महिनोन्‌महिने पुरते.

किटच्या भागांवर आतल्या बाजूस लहान गोल खुणा असतात. साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या पोलादी खिळ्यांच्या त्या खुणा. छंदी माणूस त्यांना दोष मानतो आणि लांबी भरून बुजवतो. आमची दृष्टी थोडी वेगळी आहे. त्या खुणा पाहिल्या की आम्हांला ते यंत्र आणि त्यापुढे पाळी भरणारा माणूस दिसतो. ज्याने साचा कोरला त्या टूलरूममधल्या कारागिराचे नाव खोक्यावर नसते. घरी बसून आपण जुळवतो तेव्हा आपण एकटे नसतो. आपल्याआधी पुष्कळ हातांनी त्या मोटारीवर काम केलेले असते.

आता आम्ही एक इतिहास सांगतो. आमच्या सगळ्या विवेचनाचा तो कणा आहे. इंग्लंडमध्ये एअरफिक्स नावाची कंपनी होती. १९४०-५० या दशकाच्या अखेरीस तिला फर्ग्युसन ट्रॅक्टरची लहान प्रतिकृती करून देण्याचे काम मिळाले. ट्रॅक्टर विकायला फिरणाऱ्या विक्रेत्यांजवळ नमुना म्हणून ती द्यायची होती. सुटे भाग यंत्रातून निघत, पण जुळवणी हातांनी करावी लागे आणि ती महाग पडे. मग खर्च वाचवण्यासाठी तेच भाग, न जुळवता, खोक्यात घालून दुकानात विकायला ठेवले. गिऱ्हाइकांनी ते विकत घेतले आणि घरी बसून हौसेने जुळवले. एअरफिक्सच्या जगप्रसिद्ध किटची सुरुवात ही अशी झाली.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जे काम मजुरी देऊन करून घ्यावे लागत होते, तेच काम करण्यासाठी लोक पदरचे पैसे मोजू लागले. ट्रॅक्टर तोच, भाग तेच, हातही माणसाचेच. मग कारखान्यात जे ओझे होते ते घरी आनंद कसे झाले? कामगारांना कष्ट नकोच असतात, त्यांना आळस प्रिय असतो, असे म्हणणाऱ्या सर्व थोरामोठ्यांना आम्ही हा एकच प्रश्न विचारू इच्छितो.

उत्तरासाठी खुद्द मोटारीच्या कारखान्यात जावे लागेल. १९१३ साली हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जुळवणी सुरू झाली. पूर्वी एका सांगाड्याच्या जुळवणीला बारा तासांहून अधिक वेळ लागे; तो दीड तासावर आला. उत्पादनाच्या दृष्टीने हा चमत्कारच होता आणि त्यामुळे मोटार स्वस्त झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्याने काल अख्खा सांगाडा जुळवला होता, तो आज दिवसभर एकच नट आवळू लागला. परिणाम काय झाला? माणसे टिकेनात. तेरा-चौदा हजार जागा भरलेल्या ठेवण्यासाठी त्या एका वर्षात पन्नास हजारांवर माणसे नोकरीस घ्यावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली. तिला पुष्कळांनी औदार्य म्हटले. आम्ही तिला कंटाळ्याची किंमत म्हणतो.

याहून बोलका दाखला फिशर बॉडी या नावाचा आहे. मोटारींचे सांगाडे बनवणारा जनरल मोटर्सचा हा विभाग. नेपोलियनची घोडागाडी हे त्याचे चिन्ह होते. १९३० साली या विभागाने मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली. त्या घोडागाडीची बारीक नक्षीसकट प्रतिकृती मुलाने स्वतःच्या हातांनी करायची. लाकूड कोरायचे, धातू घडवायचा, गादी शिवायची, सगळे एकट्याने. पुढे घोडागाडीच्या जागी मोटार आली. मुलाने स्वतः कल्पिलेली मोटार बाराव्या हिश्श्याने करायची. विजेत्यांना विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या मिळत. १९६८ पर्यंत ही स्पर्धा चालली आणि तिच्यातून तयार झालेले कित्येकजण पुढे मोटारींचे आकार रेखणारे नामवंत झाले. उपक्रम चांगला होता. त्याला आम्ही नावे ठेवणार नाही.

पण त्याच काळात, त्याच नावाच्या कारखान्यात काय चालले होते? ३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंट शहरातल्या फिशर बॉडी कारखान्यांतले कामगार काम थांबवून आतच बसले. चव्वेचाळीस दिवस ते बसून होते. बाहेर कडाक्याची थंडी होती. संघटनेला मान्यता हवी ही मुख्य मागणी. आणि तिच्यामागचे मोठे दुःख होते पट्ट्याच्या वाढत्या वेगाचे. ११ फेब्रुवारी १९३७ रोजी कंपनीने करारावर सही केली आणि अमेरिकेतल्या मोटार कामगारांची संघटना पायांवर उभी राहिली. एकीकडे मुलाला सांगायचे की, वेळ घे, अख्खी गाडी एकट्याने कर, त्यात तुझे मोठेपण आहे; आणि त्याच मुलाच्या बापाला सांगायचे की, वेळ घेऊ नकोस, फक्त ही फळी ठोक. मुलाच्या बाबतीत जे थोर मानले ते बापाच्या बाबतीत परवडत नव्हते!

आता आमच्या प्रश्नाचे उत्तर मांडतो. घरच्या टेबलावरचे काम गोड लागते त्याची कारणे चार. पहिले, वस्तू अखंड असते. पहिल्या देठापासून शेवटच्या चकाकीपर्यंत ती एकाच्या डोळ्यांपुढे वाढते. दुसरे, वेळ आपला असतो. हात थकले की थांबता येते. तिसरे, काम मोडून पुन्हा करण्याची मुभा असते. आमच्या परिचयाचे एक निवृत्त फिटर आहेत. त्यांनी किट न आणता आठव्या हिश्श्याची फियाट स्वतः घडवली. छापखान्यातल्या जुन्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा बॉनेटला, रबरी तळव्यांच्या चकत्या एकावर एक चिकटवून लेथवर फिरवल्या त्या टायरांना, आणि दहा मिलिमीटरच्या बोल्टाचे डोके सव्वा मिलिमीटरचे करून तेही सहा कडांचे! त्यांनी बॉनेट चार वेळा मोडून पाचव्यांदा केले. ते म्हणतात, "भाऊ, नोकरीत चार वेळा केलं असतं तर हातात मेमो पडला असता." चौथे कारण सर्वांत मोठे. पुरी झालेली वस्तू करणाऱ्याचीच राहते. ती कोठे गेली हे त्याला ठाऊक असते.

अखंडता, सवड, सुधारण्याची मोकळीक आणि आपलेपण. कष्टाला या चार गोष्टी मिळाल्या की कष्ट छंद होतात. त्या काढून घेतल्या की छंदसुद्धा वेठ होतो. म्हणून संघटनेचा लढा केवळ पगाराच्या आकड्याचा नसतो. या चारांतला जेवढा अंश कामाच्या जागी परत आणता येईल तेवढा आणायचा, आणि उरलेल्यासाठी फुरसत मिळवायची, असा तो दुहेरी लढा आहे.

फुरसत आकाशातून पडत नाही, हे आपल्याला महाराष्ट्रात तरी कोणी सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी हक्काची साप्ताहिक सुटीच नव्हती. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १९२२ च्या सुधारणेने आठवड्याचे तास साठ झाले, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत चोपन्न, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने अठ्ठेचाळीस. टेबलावर ठेवलेल्या मोटारीत हे सगळे तास जमा आहेत. आज कामाचा दिवस लांबवण्याची भाषा पुन्हा अनेक राज्यांतून ऐकू येते. दिवस बारा तासांचा झाला, तर त्यात बुडणारी गोष्ट फक्त झोप नव्हे. माणसाने मनापासून करावयाची कामेही त्यात बुडतात.

येथे तीन आक्षेप येतील. पहिला, हा श्रीमंतांचा छंद आहे. परदेशी किट महाग असतात ही गोष्ट खरी. पण फिटरांची फियाट आपण ऐकलीच. पत्र्याचा डबा, कानस, पट्टी आणि डोळ्यांत तेल घालून पाहण्याची तयारी एवढ्या भांडवलावर आरंभ होतो. दुसरा आक्षेप, हा पोरखेळ आहे. पोळ्याला आपण मातीचे बैल करतो आणि दिवाळीत मुले किल्ले करतात. त्याला आपण संस्कार म्हणतो. मोटारीचे यंत्र हातांनी समजून घेणे हाही संस्कारच. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी वर्षानुवर्षे खपून लहान रेल्वेचे एक अख्खे शहर घडवले आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांना खुले केले. आज तिकीट काढून लोक ते पाहायला जातात. त्याला पोरखेळ कोण म्हणेल?

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो भगिनींच्या बाजूने यावयास हवा. पुरुषाच्या टेबलावर संध्याकाळचे दोन तास येतात, ते कोणाच्या तासांतून? त्याने मोटार रंगवायची आणि तिने भाकरी, भांडी, मुलांचा अभ्यास सारे उरकायचे, तर ती फुरसत मिळवलेली नव्हे, ढकललेली आहे. लोखंड्यांनी मिळवून दिलेला रविवार अजून पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच पोचला आहे. गोधडीत तुकडा तुकडा जुळवणाऱ्या हातांना प्रमाण आणि धीर कोणी शिकवायला नको; त्या हातांना सवड मात्र द्यावी लागेल. घरातली कामे वाटून घेणे ही या छंदाची पहिली पायरी आहे, असे आम्ही समजतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. चाळीसगावला हातांची वाण कधीच नव्हती. १९०० साली येथून धुळ्याचा रेल्वे फाटा सुरू झाला. येथे गिरणी उभी राहिली. १९७४ च्या कायद्याने चाळीसगावची आणि धुळ्याची गिरणी सरकारकडे गेली. कालांतराने भोंगे थांबले. भोंगा थांबला तेव्हा नोकऱ्या गेल्या हे सर्वांनी पाहिले. पण फिटर, सुतार, टर्नर आणि जॉबर यांच्या बोटांतली विद्याही तेव्हाच बेकार झाली, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. ती गेली की विद्याही जाईल. मोबाईलची काच घासणाऱ्या त्यांच्या नातवाला कानस कशी धरतात हे सांगणारे कोणी उरणार नाही.

लहानाचे मोठे करून दाखवणारा एक थोर कलावंतही याच गावाने पाहिला. कलामहर्षी केकी मूस यांचे निधन १९८९ च्या अखेरीस झाले. स्टेशनजवळच्या आपल्या घरात त्यांनी आयुष्याची कित्येक दशके काढली. टेबलावर छोट्या छोट्या वस्तूंचे देखावे मांडून त्यांची छायाचित्रे ते अशी घेत की, पाहणाऱ्याला समोर अफाट प्रदेश पसरल्याचा भास व्हावा. टेबलाएवढ्या जागेत काय मावू शकते, याचा दाखला शोधायला आपल्याला इटलीला जायचे कारण नाही.

म्हणून आम्ही एक साधी सूचना करतो. गावातल्या एखाद्या वाचनालयाने किंवा शाळेने एक खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी मोकळी ठेवावी. तेथे एक भक्कम टेबल, एक शेगडा, कानशी, कटर, हात-ड्रिल आणि चांगला दिवा असावा. जुन्या कारागिरांना सन्मानाने बोलवावे आणि मुलामुलींना, त्यांच्या आयांनाही, त्यांच्या शेजारी बसवावे. पहिले काम म्हणून आठव्या हिश्श्याची फियाट घ्यावी. खरी गाडी गावात कोठे उभी असेल तर मुलांनी पट्टी घेऊन तिची मापे स्वतः काढावीत, त्यांना आठाने भागावे आणि मग पत्रा कापावा. भास्कराचार्यांच्या परिसरात गणिताचा याहून चांगला तास कोणता होईल? एक अट मात्र ठेवावी. कामाची वाटणी केली तरी प्रत्येकाने एकदा तरी सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक अखंड वस्तू करावी, मग ती नुसते चाक का असेना.

आमच्या चळवळीत आम्ही नेहमी सांगत आलो की, कामगाराला भाकरी हवी. ते आजही तितकेच खरे आहे, आणि ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला छंदाचा उपदेश करण्याइतके आम्ही निर्दय नाही. पण भाकरी मिळाल्यावर माणूस तृप्त होऊन गप्प बसतो, ही समजूत मालकांची होती. आपण ती उचलू नये. माणसाला आपल्या हातून काहीतरी पुरे झालेले पाहावयाचे असते. तो हक्क ज्या दिवशी प्रत्येक घरात पोचेल, त्या दिवशी आमच्यासारख्या संघटकांना दुसरा छंद शोधावा लागेल, आणि तो आम्ही आनंदाने शोधू.